बहिणीचं माप

घानातल्या आमच्या अकुआपेमच्या डोंगरावर वर्षातले चाळीस दिवस असे असतात की घरात माणूस गेलं तरी मोठ्यानं रडायचं नाही. मोठ्या सणाच्या आधी राजवाड्यातून दवंडी फिरते. मग ढोल बंद, मिरवणुका बंद, अंत्यविधी बंद. पूर्वज निजलेले असतात, त्यांची झोप मोडायची नाही. हे पणजोबांच्या आधीपासून चालत आलंय आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार असते ती त्याच्या आधीच्या महिन्याची. आमच्याकडे माणूस गेला म्हणून दुसऱ्या दिवशी पुरत नाहीत. तो शवागारात थंडगार पडून राहतो, पांगलेली लेकरं रजा काढून येतात, मंडप ठरतो, बँड ठरतो, आणि मग कुठल्यातरी शनिवारी सगळं गाव त्याला पोहोचवायला जमतं. बंदी तोंडावर आली की प्रत्येक घराला घाई सुटते. आणखी चाळीस दिवस कोण थांबणार? मग चार शनिवारांत अख्ख्या वर्षाची मयतं.

आणि प्रत्येक मयताला नवं कापड. घराण्यानं बसून एक नक्षी ठरवायची आणि घराण्यातल्या झाडून सगळ्या बायकांनी त्याच कापडाचा काबा शिवून घ्यायचा. वर अंगासरसं बसणारं झोकदार पोलकं, खाली घोट्यापर्यंतचा चिंचोळा घागरा. दुःख खरं असो की खोटं, काबा अंगाला नीट बसला पाहिजे, नाहीतर लोक मेलेल्याला सोडून त्या बाईकडेच बघत बसतात. आम्ही लोक असेच आहोत.

हे सगळे काबे यायचे असाबेयाकडे. बाजाराच्या चढावर निळ्या पत्र्याचं तिचं दुकान होतं. पायानं चालवायची दोन यंत्रं, कोळशाची इस्त्री, भिंतीला एक आरसा आणि कापायचं टेबल. गावात इतरही शिंपी होते. पण असाबेयाचा गळा कधी उसवला नाही आणि तिचा शब्द कधी मोडला नाही, म्हणून वरच्या आळीपासून खालच्या मळ्यापर्यंत सगळे तिच्याच दारात. आणि बाईला 'नाही' म्हणता यायचं नाही. मदतीला दोक्वा होती, चाळिशीतली विधवा, हाताला चलाख आणि तोंडाला त्याहून. "मॅडम, रात्र थोडी सोंगं फार," ती म्हणायची, "आणि तुम्ही आणखी सोंगं बोलावताय." असाबेया नुसती हसायची आणि आलेलं गाठोडं ठेवून घ्यायची.

मात्र तिची पद्धत पक्की होती. कापड आलं की त्याच कापडाच्या काठाची एक पट्टी फाडायची, त्या पट्टीनं गाठोडं बांधायचं आणि मयताला जितके शनिवार उरले तितक्या गाठी त्या पट्टीला मारायच्या. दर सोमवारी सकाळी दोक्वा प्रत्येक गाठोड्याची एक गाठ सोडायची. एकच गाठ उरलेली गाठोडी वरच्या फळीवर, दोन-तीन गाठींची मधल्या. खालची फळी जिवंतांची. शाळेचे गणवेश, बारशाचे झगे, चर्चचे कपडे. त्यांना गाठ नसायची. "मेलेल्याला थांबता येत नाही, जिवंताला येतं," असाबेया सांगायची. हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून एका म्हाताऱ्या विधवेचा काबा राहिला, आणि ती बिचारी नवऱ्याच्या मयताला शेजारणीचं कापड गुंडाळून बसली. त्या दिवसापासून मेलेले वर आणि जिवंत खाली.

त्या वर्षी दवंडीला सहा आठवडे असताना तिची थोरली बहीण कोरांतेमा दुकानात आली. नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा असाबेयाला पाठीला बांधून शेतावर नेणारी तीच. आमच्याकडे बाईची श्रीमंती तिच्या पेटीतल्या कापडांवरून मोजतात. असाबेया एकोणीस वर्षांची असताना कोरांतेमानं पेटीतली दोन उत्तम कापडं विकली आणि तिला पहिलं शिलाईयंत्र घेऊन दिलं. "पहिला काबा तुझा, ताई," असाबेया तेव्हा म्हणाली होती. "आधी गिऱ्हाईकाचं बघ," ताई म्हणाली. तेव्हापासून तसंच चाललं होतं. ताईचे काबे शिवले जात, पण उरल्यासुरल्या वेळात, उरल्यासुरल्या दोऱ्यानं.

त्या दिवशी कोरांतेमानं टेबलावर कापड उलगडलं. निळ्यावर पांढरे पक्षी. बारा वर्षं पेटीत जपलेलं.

"आमा, बंदीच्या आधीचा शेवटचा रविवार माहितीय ना?" शनिवारी जन्मलेली म्हणून असाबेया घरात आमा. "त्या दिवशी चर्चमध्ये मला निरोप देणारेत. पस्तीस वर्षं गायले त्यांच्या मंडळात. पाद्रीसाहेब पुढे उभं करून नाव घेणारेत म्हणे माझं. मला हे घालायचंय."

"अगंबाई! मग काय, थाटच आहे! ठेव इथं."

"माप घे."

"तुझं माप? छाती बेचाळीस, कंबर अडतीस. झोपेतून उठवलंस तरी सांगेन."

"घे गं. फीत टाकायला काय जातंय तुझं?"

"ताई, बाहेर बघ. अकरा जणी ताटकळल्यात. बहिणीचं कसलं माप घ्यायचं?"

कोरांतेमानं दोन्ही हात अर्धे वर उचलले होते, फितीसाठी. ते तिनं खाली घेतले. असाबेयानं पक्ष्यांच्या कापडाची पट्टी फाडली, गाठोडं बांधलं आणि खालच्या फळीवर ठेवलं. गाठ मारली नाही. रविवार होता ना, शनिवार नव्हता.

पहिला शनिवार गेला, दुसरा गेला. दुकानात काळ्या आणि लाल कापडांचे ढीग कमरेएवढे झाले. असाबेया पहाट फुटताना यंत्रावर बसायची ती अंधार पडेपर्यंत. पाय सुजले, बोटांच्या टोकांना भेगा पडल्या, जेवण उभ्या उभ्या. कुणी म्हणेल, लोभी बाई. लोभी नव्हती हो. तिला खरंच वाटायचं की आपण नाही म्हटलं तर कुणीतरी आपल्या माणसाला उसन्या कपड्यात पोहोचवेल.

तिसऱ्या आठवड्यात कोरांतेमा केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी घेऊन आली, केळीच्या पानात बांधून. दारातल्या बाकावर बसली. कापडाचं नाव काढलं नाही. असाबेया एका हातानं घास घेत होती, दुसऱ्या हातानं बाही वळवत होती.

"तू नाही खात?"

"खाल्लं मी. आमा, मला तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

"यंत्र थांबव जरा."

असाबेयानं पाय थांबवलाही. तेवढ्यात दारातून ओबुओबीमामांचा आवाज आला. ओबुओबीमामा म्हणजे खालच्या आळीतल्या मोठ्या घराण्याचे कर्ते. त्यांची म्हातारी आत्या गेली होती आणि मामांच्या मागे दोन माणसं डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन उभी.

"असाबेया, एकतीस काबे! शेवटच्या शनिवारी!"

"मामा, मला हात किती आहेत असं वाटतं तुम्हाला?"

"दोन. पण इतरांच्या चारांना भारी. आणि आमची आत्या तुला लहानपणी संत्री द्यायची, विसरलीस?"

"संत्री तिनं अख्ख्या गावाला दिली. मग अख्ख्या गावाला शिवायला बसवा."

"गावाला शिवता आलं असतं तर मी चढ चढून आलो असतो का? गुडघे बघ माझे!"

दोक्वानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. एकतीस काबे मोजून घेण्यात, पट्ट्या फाडण्यात, गाठी मारण्यात तास गेला. असाबेयानं मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता.

"ताई कधी गेली?"

"मघाशीच. म्हणाल्या, पुन्हा येईन." दोक्वा सुई ओवत होती. "मॅडम, ताईंचा गळा पाहिलात? हाडं दिसायला लागलीत."

"उन्हात शेतावर राबते. सांगितलेलं ऐकते का ती?" असाबेया म्हणाली आणि यंत्र सुरू झालं.

कोरांतेमाची शेजारीण ओफोसुआ तिला म्हणत होती, खालच्या बाजारात नवा पोरगा बसतो, दोन दिवसांत शिवून देईल, दे त्याला. कोरांतेमानं ऐकलं नाही. सख्खी बहीण या डोंगरावरची पहिली शिंपीण, आणि मी निरोपाला परक्याच्या हातचा काबा घालू? लोक काय म्हणतील तिला? तिला म्हणे, स्वतःला नव्हे. अशी होती ती.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती पुन्हा आली. चढ चढून दम लागला होता, दाराची चौकट धरून उभी राहिली.

"झालं का गं?"

असाबेयाला आत्ता आठवलं. तिनं खालच्या फळीकडे बघितलं. गाठोडं होतं तिथंच होतं, वरून दोन गणवेश पडले होते. सगळ्या गाठी दोक्वा सोडत होती, पण याला गाठच नव्हती, तर सोडणार काय आणि आठवण कुणाला होणार?

"उद्या, ताई. नाहीतर शनिवारी दुपारी. मामांचं मयत एकदा निघालं की बसते. तुझ्या काब्याला मला तीन तास पुरे. रविवारी सकाळी तुझ्या अंगात असेल, शब्द देते."

"मी शुक्रवारची, तू शनिवारची," कोरांतेमा हसली. "शुक्रवार आधी येतो असं आईनं शिकवलं होतं. तुझ्या दुकानात मात्र शनिवारच आधी."

"टोमणे मारू नकोस हं."

"टोमणा नाही. मारायचा असता तर आईचा आवाज काढला असता." आणि तिनं बाकावरची कात्री उचलून असाबेयाच्या हाताशी ठेवली. लहानपणी पाटी-पेन्सिल हाताशी ठेवायची तशी.

शनिवारी दुपारी असाबेयानं खरंच पक्ष्यांचं गाठोडं घ्यायला हात खाली घातला होता. एकतीस काबे देऊन झाले होते, मामांच्या मंडपातून ढोल ऐकू येत होते. तेवढ्यात मामांच्या तीन मुली दारात हजर, परदेशातून त्याच दिवशी उतरलेल्या. तिघींचे काबे फोनवरून कळवलेल्या मापानं शिवलेले, आणि एकीच्याही पाठीवर चेन लागेना. उद्या चर्चमध्ये मयतानंतरची आभाराची प्रार्थना, पांढऱ्या-काळ्या कापडाचे आणखी तीन काबे, तेही त्याच मापाचे.

असाबेयाचा संताप झाला. "हे माप कधीचं?"

"मागच्या खेपेचं," थोरली ओशाळून म्हणाली. "पाच वर्षांपूर्वीचं असेल."

"पाच वर्षं! माणसाचं अंग म्हणजे दगड आहे का, ठेवलं तसं राहायला? माप ताजं लागतं, बाई! शिंप्याला जुनं माप सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं!"

सहाही काबे उसवून पुन्हा शिवता शिवता दिवस मावळला. मग वीज गेली. घरी जाताना असाबेयानं गाठोडं बरोबर घेतलं नाही. पहाटे उठून दुकानातच बसू, असं तिनं ठरवलं. पहाटे ती उठली, तोंड धुतलं, चर्चचे कपडेही अंगात घातले, चपला घालायला म्हणून खुर्चीवर टेकली, आणि तिथंच तिचा डोळा लागला. चार आठवड्यांची झोप होती ती. उठली तेव्हा चर्चची शेवटची घंटा होऊन गेली होती आणि दोक्वा दारात उभी होती.

"गायल्या का ताई?" असाबेयाचा पहिला प्रश्न. बोलताना तीसुद्धा दोक्वासारखं 'गायल्या' म्हणाली.

"गायल्या. पहिलं गाणं उभ्यानं, दुसरं बसून. जुना पांढरा काबा होता अंगात. पाद्रीसाहेबांनी नाव घेतलं तेव्हा तुम्हाला शोधत होत्या. मागच्या बाकांपर्यंत मान वळवून बघितलं त्यांनी."

असाबेया लगेच निघाली होती. दोक्वानंच थांबवलं. ताईंनी निरोप दिलाय, म्हणाली, की तिला उठवू नका, झोपू द्या, उद्यापासून बंदीच आहे, मग चाळीस दिवस आहेत आम्हाला बोलायला. तेव्हा असाबेया पुन्हा निजली. यातलं तिला नंतर काय काय डाचलं असेल, पण हे दुसऱ्यांदा निजणं तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

सोमवारी पहाटे दवंडी फिरली. ढोल मुके झाले. सकाळी असाबेया दुकान उघडून आत झाडू मारत होती, आज आधी ताईचा काबा, असं दोक्वाला सांगत होती. ओफोसुआ चढावरून चालत आली. आमच्याकडे वाईट बातमी घेऊन येणारी बाई लांबूनच हंबरडा फोडत येते, म्हणजे ऐकणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. ओफोसुआला ओरडता येत नव्हतं. बंदी सुरू झाली होती. ती नुसती आली, असाबेयाच्या हातातला झाडू काढून घेतला आणि कानाशी म्हणाली, "पहाटे गेली गं. दवाखान्यात. काल संध्याकाळी नेलं होतं."

असाबेयानं तोंड उघडलं. ओफोसुआनं आपल्या खांद्यावरच्या कापडाचा बोळा करून तिच्या तोंडावर दाबला. "नको, नको गं. बंदी आहे."

पोटात गाठ होती म्हणे. पावसाळ्याआधीच डॉक्टरनं सांगितलं होतं. ओफोसुआला माहीत होतं. "तिला स्वतः तुला सांगायचं होतं. दोनदा आली होती सांगायला. म्हणाली, दुकानात गर्दी होती."

अंत्यविधी बंदीनंतरच्या पहिल्या शनिवारी ठरला. रडणं नाही, माणसांचं येणं-जाणं नाही, ढोल नाही. असाबेया रोज दुकानात येऊन बसायची, कारण घरी बसवत नव्हतं. दुसऱ्या सोमवारी ती आली तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. मयतांचं काम संपलं होतं. फक्त वरच्या फळीवर एक गाठोडं होतं, निळ्यावर पांढरे पक्षी. दोक्वानं ते खालून वर आणून ठेवलं होतं आणि पट्टीला पाच गाठी मारल्या होत्या.

"मॅडम, नियमानं आता त्यांचा नंबर पहिला," दोक्वा म्हणाली आणि तोंड फिरवून बाहेर जाऊन उभी राहिली.

पोहोचवायच्या आधी आम्ही आमच्या माणसाला उत्तम कपडे घालून निजवतो, सगळ्यांना शेवटचं बघायला. ताईला हाच काबा घालायचा, यात प्रश्न नव्हता. असाबेयानं कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला. छाती बेचाळीस, कंबर अडतीस. खडू टेकवणार तोच तिला दोक्वाचं बोलणं आठवलं, गळ्याच्या हाडांचं. ती थांबली. मग ओफोसुआनं दवाखान्यातून आणलेली पिशवी तिनं उघडली.

आत रविवारचा जुना पांढरा काबा होता. असाबेयानंच शिवलेला, आठ वर्षांपूर्वी. तिनं तो उलटा केला. आतून दोन्ही कुशींना सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. डाव्या बाजूला सहा, उजव्या बाजूला सहा. खांद्यांना एक-एक. बाहेरून दिसू नयेत म्हणून चुण्या नीट घालून, एकेक पीन सरळ रेषेत. शिंपिणीच्या बहिणीनं, आरशासमोर, एकटीनं केलेलं काम.

असाबेयानं पिनांच्या आतून फीत टाकली. छाती चौतीस. कंबर एकोणतीस. तिनं पुन्हा टाकली. तेवढंच. फीत हातात धरून ती टेबलावर वाकली, आणि काब्यात तोंड खुपसून रडली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. चाळीस दिवस तिला तेवढीच मुभा होती.

मग तिनं तो काबा शिवला. एका कपड्याला पाच आठवडे. जन्मात एवढा वेळ तिला कधी मिळाला नव्हता, आणि मिळाला तो असा. गळा हातानं शिवला, प्रत्येक पक्षी कुशीवर जुळवला, अस्तर दोनदा उसवून पुन्हा लावलं. कुणी काम घेऊन आलंच तर ती आधी त्या बाईला आत बोलवायची, हात वर करायला सांगायची आणि फीत टाकता टाकता विचारायची, जेवतेस ना नीट? बायका बुचकळ्यात पडायच्या. दर सोमवारी दोक्वा एक गाठ सोडायची.

बंदी उठली. शनिवारी पहाटे कोरांतेमाला अंगणातल्या पितळी पलंगावर निजवलं. इतके दिवस दाबून ठेवलेला हंबरडा सगळ्या आळीनं एकदम फोडला. रांग लागली. निळा काबा तिच्या अंगावर असा बसला होता की कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. गायनमंडळाच्या बायका डोळे पुसता पुसता काब्याकडे बघत होत्या. मी म्हटलं ना, आम्ही लोक असेच आहोत.

ओबुओबीमामा काठी टेकत आले. बराच वेळ बघत उभे राहिले, मग असाबेयाच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय बसलाय गं अंगाला! बोटभर इकडचं तिकडे नाही. बरोबरच आहे म्हणा, सख्खी बहीण. तुला हिचं माप पाठच असणार."

असाबेयानं पलंगाची कड धरली.

"नाही मामा," ती म्हणाली, "ती हात वर करून उभी होती. मीच घेतलं नाही."